अक्कांनी काढलेला नकाशा

पंधरा वर्षं मी वावरांचे प्लॉट पाडले. जळगावच्या आसपास एखादं केळीचं किंवा कापसाचं शेत बिगरशेती झालं, की त्याचा लेआउट आमच्या ऑफिसात यायचा. रस्ता किती रुंद ठेवायचा, बागेची जागा कुठे दाखवायची, कोपऱ्यावरचे प्लॉट कसे बसवायचे, हे मला न बघता जमायचं. जळगावात मेहरूणला आमच्या गच्चीवरून पूर्वी ज्वारी दिसायची, तिथे आता घरं आहेत. त्यातल्या एका लेआउटचे कागद माझ्याच हातून गेलेत. तेव्हा त्याचं मला काही वाटलं नव्हतं. काम होतं आणि मी ते नीट करत होते.

मग ऑफिसच्या मालकांनी ते बंद केलं. मला नवं काम शोधायचं होतं. एका संस्थेला साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडल्या गावांमध्ये प्रशिक्षण द्यायला नकाशे काढता येणारं माणूस हवं होतं. प्रत्येक गावानं आपली दोन-तीन माणसं निवडायची. त्यांना आम्ही शिकवायचं, आणि मग त्यांनी आपल्या गावाच्या जमिनीचा आराखडा करायचा: घरं कुठे वाढतील, शेत कुठलं राखायचं, जंगल कुठलं राखायचं. मोठ्या विचारानं मी तिकडे गेले असं सांगितलं तर ते खोटं होईल. पगार वेळेवर मिळेल एवढंच मी पाहिलं होतं.

प्रशिक्षण सुरू व्हायच्या आधीच मी जळगावात बसून सगळ्या गावांचे कच्चे नकाशे करून ठेवले होते. उपग्रहाची चित्रं घेतली, सातबारे घेतले आणि रंग भरले. जंगल हिरवं, शेती तपकिरी, गावठाण लाल. जिथे ना झाड ना पीक, ती मोकळी जागा पिवळी. नकाशे सुबक झाले होते. ते मी ग्रामपंचायतींना पाठवूनही दिले.

माझ्याबरोबर शिकवायला एक निवृत्त भूकरमापक होते. त्यांना सगळे नाना म्हणत. धरणगाव तालुक्यातल्या एका खेड्यातलं बौद्ध कुटुंब त्यांचं. वडील कपाशीच्या शेतात सालदार होते, जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबले, स्वतःच्या नावावर गुंठाही नाही. नाना शिकले, भूमी अभिलेख कार्यालयात लागले आणि त्यांची सगळी नोकरी लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली. कमी बोलायचे. पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, आणि खिशात नेहमी एक पेन्सिल, चाकूनं टोक केलेली.

पिंपळनेरला भाड्याच्या हॉलमध्ये पहिला दिवस झाला. पाच गावांतली चौदा माणसं आली होती. मी प्रोजेक्टर लावला आणि दीड तास बोलले. भूवापर म्हणजे काय, आराखडा म्हणजे काय, रंगांचा अर्थ काय. समोरची माणसं अगदी शांत बसली होती. मला वाटलं, समजतंय.

मागच्या ओळीत हिरव्या लुगड्यातल्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या. गावात त्यांना अक्का म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. यादीत एक बाई हवीच, तेव्हा ग्रामसेवकानं त्यांचं नाव घातलं होतं, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. शाळा चौथीपर्यंत. त्यांच्या गावाचा नकाशा पडद्यावर आला तेव्हा त्या उठून पुढे आल्या आणि बोट लावून विचारलं, "मॅडम, हाऊ पिवळा रंग कसाना शे?"

"मोकळी जागा आहे ती," मी म्हटलं. "तिथे काही नाही ना, म्हणून पिवळी."

त्यांनी पडद्याकडे पुन्हा पाहिलं. "तठे काहीच नही?"

"रेकॉर्डला गायरान आहे. पण वापर दिसत नाही."

त्या जागेवर जाऊन बसल्या. नाना कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. चहाच्या सुट्टीत ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, उद्या हे यंत्र नका लावू. उद्या त्या बाईंच्या गावाला जाऊ."

मला थोडं लागलं. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दोन जीपमध्ये घालून आम्ही अक्कांच्या गावी गेलो.

महू, म्हणजे मोहाची फुलं, वेचण्याचे दिवस होते. गाव म्हणजे तीन पाडे, मागे सागाचं आणि खैराचं जंगल, आणि पुढे डांबरी रस्त्यापर्यंत उतरत जाणारा सपाट माळ. हाच माझा पिवळा तुकडा. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे सात वाजले असतील, आणि त्या मोकळ्या जागेत चाळीसेक माणसं होती. बायका, म्हाताऱ्या, शाळेत जायच्या आधी आलेल्या मुली, सगळ्या महूच्या झाडांखाली वाकून फुलं गोळा करत होत्या. झाडं लांब लांब होती, म्हणून वरून काढलेल्या चित्रात ती मला ठिपक्यांसारखी दिसली होती आणि मी ती सोडून दिली होती.

नानांनी भाषण केलं नाही. अक्कांना एवढंच म्हणाले, "अक्का, तुम्ही पुढे चला. जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबा आणि आम्हाला सांगा."

अक्का चालायला लागल्या आणि आम्ही त्यांच्या मागे. कुठलं झाड कुठल्या घराचं, हे त्या सांगत होत्या. ते कुठे लिहिलेलं नाही, पण कुणी दुसऱ्याच्या झाडाखाली टोपली नेत नाही. पुढे एका खोलगट भागात थांबल्या. पावसाळ्यात वरच्या शेतांत नागली आणि भात उभा असतो, तेव्हा तिन्ही पाड्यांची गुरं इथेच चरतात. ही जागा नसली तर गुरं पिकात जातील. त्यापुढे जमीन घट्ट, सारवल्यासारखी होती. ती खळ्याची जागा. मग गवताचा पट्टा, ज्यातून कुडाच्या घरांचं छप्पर शाकारतात. आणि सगळ्यात खाली, रस्त्याच्या जवळ, त्या वाकल्या आणि मूठभर माती उचलली. काळी होती.

"दखा," त्या म्हणाल्या, "पाणी आठे थांबस. मंग खाले जास. खालन्या विहिरी याच पाण्यावर चालतस."

मी वहीत लिहीत होते. नाना लिहीत नव्हते. त्यांनी प्रशिक्षणार्थींना दोन गटांत वाटलं आणि मापायच्या कामाला लावलं. एका गटानं माळाच्या खालच्या विहिरींवर जायचं, दुसऱ्यानं शिवेपलीकडच्या गावातल्या. दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारायच्या, खाली दगड बांधायचा, आणि विहिरीत सोडून ओल्या गाठी मोजायच्या. दुपारी दोन्ही गट झाडाखाली आले आणि दोऱ्या जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या. खालच्या विहिरींच्या दोऱ्या अर्ध्याच्या वर भिजलेल्या होत्या. पलीकडच्यांचं टोक तेवढं ओलं होतं. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पलीकडच्या गावचा एक जण तर दोरी हातात घेऊन बराच वेळ बघत बसला. आपल्या गावातही असाच एक माळ होता, म्हणाला, तो आता नाही.

त्या दुपारी आम्ही अक्कांच्या ओट्यावर बसून नागलीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाल्लं. मी नानांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं की तिथे काहीतरी असणार?"

"कळलं नव्हतं," ते म्हणाले. "पण बाई उठून पुढे आली. उगाच कोण उठतं? माझे वडील सालदार होते ना, त्यांना मालकाच्या शेतातली ओल कुठे टिकते ते मालकापेक्षा जास्त ठाऊक होतं. मोजणीला साहेब यायचे, ते कधी त्यांना विचारायचे नाहीत. मी नोकरीला लागलो तेव्हा ठरवलं होतं, मोजणीची साखळी टाकायच्या आधी तिथे राबणाऱ्या माणसाला विचारायचं."

पुढचे चार महिने आम्ही असेच शिकवत होतो, म्हणजे नाना शिकवत होते आणि मी शिकत होते. प्रमाण कसं घ्यायचं, उतार कसा मोजायचा, सातबारा कसा वाचायचा, फेरफार कुठे बघायचा, वनहक्काच्या दाव्याला कुठले पुरावे लागतात, हे आम्ही सांगायचो. पण नकाशा त्यांनी स्वतः चालून काढायचा. अक्कांना अक्षरं जुळवायला वेळ लागायचा, म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या. महूला एक खूण, गुरांना एक, पाण्याला एक. आणि एका जागेचा एकच रंग त्यांना पटेना. त्यांनी एका गावाचे तीन कागद केले: पावसाळ्याचा, हिवाळ्याचा, उन्हाळ्याचा. तोच माळ तिन्हींवर वेगळा होता आणि तिन्हींवर भरलेला होता. मी इतकी वर्षं हे काम केलं, पण तसा नकाशा मला कधी सुचला नव्हता. तसं मी त्यांना सांगितलंही. त्या हसल्या आणि पेन्सिल धुंडाळू लागल्या.

पावसाळा संपता संपता गावात घरकुलाची यादी आली. बऱ्याच कुटुंबांची नावं लागली होती आणि त्यातल्या ज्यांना घराला जागा नव्हती, त्यांना गायरानातून जागा द्यायचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे येणार होता. सरपंच तरुण होता, मनानं चांगला, गावासाठी धावपळ करणारा. त्यानं जागा निवडली ती रस्त्यालगतची, तोच माळ. आणि निवडताना त्यानं कशाचा आधार घेतला? माझ्या नकाशाचा. मी पाठवलेला, ज्यावर ती जागा पिवळी होती. चूक कळल्यावरही तो परत मागवायचं मला सुचलं नव्हतं.

हे मला अक्कांनी फोनवर सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही, नुसतं सांगितलं. मी विचारलं, "यादीत तुमचं नाव आहे का?"

"शे ना. पोऱ्यानं नाव पहिल्याच पानावर शे."

त्यांचा मुलगा सुरतेला कामाला होता. रस्त्यावर घर मिळालं तर पुढच्या खोलीत पंक्चरचं दुकान टाकायचं, गावातच राहायचं, असं त्याच्या डोक्यात कधीपासून होतं. बायको-पोरांना सोडून परराज्यात राहून तो कंटाळला होता. अक्कांनाही तो परत यायला हवा होता. म्हणजे त्या माळावर घरं झाली असती, तर पहिला फायदा त्यांच्याच घरी येणार होता.

मी आणि नाना ग्रामसभेच्या दोन दिवस आधीच गावात गेलो. मला वाटलं होतं, अक्का आमच्याकडून काय बोलायचं ते विचारून घेतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच. "नाना, माळ सोडीसन घरं कोठे बसतीन? ते दखाडा." नुसतं नको म्हणून चालणार नाही, घरं हवीच आहेत, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. मग त्या, गावातले दुसरे दोन प्रशिक्षणार्थी आणि आम्ही दोघं, सगळे मिळून पुन्हा हिंडलो. मधल्या पाड्याच्या मागे शाळेजवळ एक मुरमाड टेकाड होतं. तेही गायरानातलंच, पण त्यावर गवतसुद्धा धड उगवत नव्हतं. नानांनी कुदळीनं दोन ठिकाणी खणून पाहिलं. घट्ट मुरूम. "घराला हीच जमीन," ते म्हणाले. "खालची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. त्यात पाया खोल घ्यावा लागतो, नाहीतर भिंती तडकतात." अडचण एकच होती. टेकाडापर्यंत रस्ता नव्हता, बैलगाडीची वाट होती.

सभेच्या आदल्या दिवशी मुलगा सुरतेहून आला. आईशी त्याचं चांगलंच वाजलं. मी ओसरीतच बसलेले होते, मला उठून जाताही येईना.

"बठ्ठं गाव रस्त्यावर जागा मागस," तो म्हणाला, "आणि मन्हीच माय नको म्हणस."

अक्का तव्यावरची भाकरी उलटत होत्या. ती भाजून त्यांनी त्याच्या ताटात वाढली. मग म्हणाल्या, "तू दुकान टाकशी. मंग खालना वावरनं काय? विहीर आटनी तर तूच परत सुरतले जाशी." त्यानं ताट सरकवलं आणि बाहेर निघून गेला. अक्कांनी त्याचं ताट झाकून ठेवलं आणि मला वाढलं.

ग्रामसभा शाळेच्या आवारात भरली. माणसं बरीच आली होती, कारण घरांचा प्रश्न होता. सरपंचानं बाजू नीट मांडली. रस्त्याजवळ जागा असली की रुग्णवाहिका दारात येते, पाण्याची लाइन जवळ पडते, पोरांना एसटी मिळते. एकही गोष्ट खोटी नव्हती. यादीतली माणसं मान हलवत होती. मग त्यानं माझा नकाशा वर धरला. "हा काही मी काढलेला नाही. मॅडमनी काढलाय, शिकलेल्या माणसानं. यात ही जागा मोकळीच दाखवलीय."

सगळे माझ्याकडे वळले. मला बोलायचं नव्हतं. आपलं काम चुकलं हे पाच-पन्नास माणसांत सांगणं मला कधी जमलेलं नाही. नाना शेजारी होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते, समोर बघत होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, "तो नकाशा मी जळगावात बसून काढला. तेव्हा मी इथे आले नव्हते. तो चुकलेला आहे. बरोबर नकाशा अक्कांनी काढलाय."

मग अक्का उठल्या. हातात तीन कागद होते. त्यांनी ते शाळेच्या भिंतीला टेकवून तिघांना धरायला लावले आणि खुणा दाखवत बोलू लागल्या. आवाज मोठा नव्हता, पण मागपर्यंत ऐकू जात होता. कुणाचं झाड कुठलं ते सांगितलं, आणि ज्याचं नाव घेतलं तो आपोआप पुढे सरकून कागदात आपली खूण शोधू लागला. विहिरींचं सांगितलं. खळं दाखवलं. मग टेकाड दाखवलं, आणि तिथे घरं कशी बसतील, वाट कुठून रुंद करायची, ग्रामपंचायतीनं कुठला ठराव आधी करायचा, हे एकामागून एक सांगितलं.

यादीतला एक जण म्हणाला, "अक्का, तुमचं काय जातं, रस्त्यावरचं घर आमचं जाईल."

सरपंचच मध्ये बोलला. "अहो, पहिल्याच पानावर नाव आहे त्यांच्या घरचं."

"पहिला पानवर नाव शे म्हनीसनच सांगस," अक्का म्हणाल्या. "माले बी रस्त्यावर घर आवडस. पण घर एकदाव बांधसूत. गुरं रोज चारनी पडतस."

त्या दिवशी ठराव झाला नाही. वाद झाला, पुन्हा सभा ठरली. मधल्या पंधरा दिवसांत सरपंच स्वतः अक्कांबरोबर माळ आणि टेकाड दोन्ही चालून आला, आणि तालुक्याहून एका अभियंत्याला घेऊन आला. त्यानंही काळ्या मातीबद्दल नानांसारखंच सांगितलं. दुसऱ्या सभेत टेकाडाचा ठराव झाला, सगळ्यांच्या हातांनी नाही, पण बहुतेकांच्या. माळाच्या रस्त्याकडच्या टोकाला थोडी जागा एसटीच्या थांब्याला आणि दोन-तीन टपऱ्यांना सोडली. ती सूचना सरपंचाची होती. ती अक्कांनी लगेच मान्य केली आणि कागदावर स्वतः आखली.

सगळं गोड झालं असं नाही. टेकाडावर पाणी चढवायला मोटर लागते आणि वीज गेली की बायकांना खाली यावं लागतं. वाट रुंद व्हायला पूर्ण एक वर्ष गेलं आणि तोवर काही जणांनी अक्कांना टोमणे मारले. मुलगा त्या दिवाळीला आलाच नाही. नंतरच्या उन्हाळ्यात आला तो घराचा पाया खणायला. दुकान त्यानं थांब्याजवळच्या टपरीत टाकलंय. आईशी बोलतो, पण त्या सभेचा विषय निघाला की उठून जातो, असं अक्काच सांगतात, आणि सांगताना त्यांना थोडं वाईट वाटतं.

नाना आता थकलेत. गुडघे दुखतात, म्हणून जीपमधून उतरत नाहीत, पण येतात. माझं काम तेच आहे, गावं बदलतात. आता मी कच्चा नकाशा आधी करून नेत नाही. कोरा कागद नेते आणि पहिले दोन दिवस चालते. माझ्या जुन्या ओळखीतल्या एकानं विचारलं होतं, यात तुझी पदवी काय कामाची?

गेल्या महिन्यात डोंगरापलीकडच्या एका गावात नवी तुकडी सुरू झाली. शिकवायला अक्का होत्या. संस्थेनं त्यांना आता प्रशिक्षक म्हणून मानधन सुरू केलंय. मी मागे बसले होते. समोर वीस-बावीस माणसं, त्यात एक तरुण मुलगी होती, वही उघडून, पण काही न लिहिता बसलेली. अक्का तिच्याजवळ गेल्या आणि विचारलं, "तुन्हा गावमा पाऊस थांबना की पाणी कोठे ऱ्हास?"

मुलगी लाजली. मग खिडकीबाहेर हात करून काहीतरी सांगू लागली. अक्का तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, चल, दाखव. आणि त्या दोघी उठून बाहेर गेल्या, आणि मागोमाग बाकीचे सगळे.